मालमोटारीची कसोटी

दिल्लीच्या उत्तर अंगाला, कर्नालकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर नावाची वसाहत आहे. मालमोटारींचे मालक, दलाल, हमाल, मिस्त्री, टायरवाले आणि चहावाले यांचे ते गाव. तेथून आझादपूरची भाजीमंडी फार दूर नाही, आणि त्या मंडीत नाशिक जिल्ह्याचा कांदा उतरतो. तेव्हा या गावाशी मराठी माणसाचा संबंध नाही, असे म्हणता यावयाचे नाही.

लासलगावाहून कांदा भरून निघालेली एक मालमोटार डोळ्यांपुढे आणावी. ती 2018 साली नोंदलेली, म्हणजे भारत-4 या प्रमाणकाची. मालकाला चढावर गाडी रेंगाळलेली परवडत नाही. कांदा वाट पाहत नाही. म्हणून त्याने इंजिनात फेरफार करवून घेतला. पूर्वीच्या गाड्यांत हे काम पंपावर होई. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे शील तोडावयाचे, आतला स्क्रू थोडा फिरवावयाचा, की प्रत्येक फेऱ्याला थोडे अधिक डिझेल आत जाऊ लागे. नव्या गाड्यांत स्क्रूची जागा इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली, आणि मिस्त्रीच्या पान्याची जागा लॅपटॉपने. हेतू मात्र तोच राहिला. मिस्त्री म्हणतो, 'शेठ, चाळीस घोडे वाढले.' आता या चाळीस घोड्यांवर विश्वास ठेवावा, की गाडी डायनॅमोमीटरवर चढवून ते मोजून घ्यावेत, हा मालकापुढचा प्रश्न आहे. वरकरणी तो एका माणसाच्या खिशाचा प्रश्न दिसतो. तो तेवढाच असता, तर त्यासाठी श्रोत्यांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते.

डायनॅमोमीटर म्हणजे शक्तिमापक. गाडीची मागची चाके जमिनीत बसवलेल्या पोलादी रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी मात्र साखळ्यांनी बांधलेली असल्यामुळे जागच्या जागी राहते. मग रुळांना विद्युत्‌चुंबकीय रोध लावून ते जड करीत न्यायचे. चाक रुळाला किती जोराने ढकलते आणि रूळ किती वेगाने फिरतो, या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ताशी 36 किलोमीटर वेगाने फिरणारे चाक 10,000 न्यूटन जोर लावीत असेल, तर चाकापाशी 100 किलोवॉट, म्हणजे सुमारे 136 अश्वशक्ती उपलब्ध आहे. इंजिनापाशी ती याहून अधिक असते. गियरपेटी, लांब दांडा, डिफरन्शियल आणि टायर हे सगळे वाटेतले जकातदार आपापला हिस्सा घेतात. कारखान्याच्या कागदावरचा आकडा इंजिनाचा आणि रुळांवरचा आकडा चाकाचा असतो, हे ज्याला ठाऊक नाही तो रुळांवरून उतरताच आपली गाडी दुबळी झाली म्हणून हळहळतो.

ही कल्पना नवी नाही. प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1821 साली फिरणाऱ्या दांड्यावर लाकडी चिमटा आवळून यंत्राची शक्ती मोजली. 1877 साली इंग्लंडात विल्यम फ्रूडने तेच काम पाण्याच्या रोधाने केले. डिझेल इंजिनाचे तर जातकच अशा कसोटीत लिहिले गेले आहे. 17 फेब्रुवारी 1897 रोजी ऑग्सबर्ग येथे प्रोफेसर श्रोटर यांनी रूडॉल्फ डिझेलचे इंजिन रोध लावून तपासले आणि त्याची कार्यक्षमता 26.2 टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा विलक्षण होता. डिझेलचा शब्द जगाने मानला, तो त्या दिवशी भार ओढून दाखवल्यामुळे. भारात काम करून दाखवीपर्यंत कोणत्याही इंजिनाविषयी काही बोलू नये, हा शिरस्ता असा त्या इंजिनाइतकाच जुना आहे.

आपल्याकडे या विद्येचे घर पुण्याला आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन 1966 साली स्थापन झाली. वेताळ टेकडीवर फिरावयास जाणारे पुणेकर त्या टेकडीलाच संस्थेच्या आद्याक्षरांनी ओळखू लागले आहेत. राजधानीच्या परिसरात हरियानातील मानेसर येथे 2006 साली अशीच दुसरी संस्था उभी राहिली. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी अशा संस्थांच्या कसोटीतून जाते. पण एकदा विकली गेलेली आणि रस्त्यावर येऊन कोणाच्या तरी हातून बदलली गेलेली गाडी पुन्हा त्या दारी जात नाही. तिच्या वाट्याला येते ते पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातले धूरतपासणी केंद्र.

त्या केंद्रात काय होते, ते पाहण्यासारखे आहे. गाडी उभी असते, गियर मोकळा असतो. तपासनीस एक नळी धुराड्यात घालतो आणि चालक पाय झटकन दाबून इंजिन कमाल गतीला नेतो. असे काही वेळा करून सरासरी घेतात. धुराची अपारदर्शकता हार्ट्रिज एककांत मोजली जाते. भारत-4 च्या डिझेल गाडीला 50 एककांची मर्यादा आहे, त्यापूर्वीच्या गाड्यांना 65 ची. चाचणी स्वस्त आहे, चटकन होते, आणि अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. पण तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. त्या क्षणी इंजिन फक्त स्वतःचे वजन फिरवीत असते. मागे दहा टन कांदा नसतो आणि पुढे चढही नसतो. पहिलवानाला रिकाम्या आखाड्यात दोन उड्या मारावयास सांगून त्याचा दम जोखण्यासारखा हा प्रकार आहे.

डिझेल काळा धूर का सोडते, हे कळले की उणीव किती खोल आहे ते कळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा दाबून तापवतात आणि तीत तेलाची बारीक फवार मारतात. तेलाच्या मानाने हवा भरपूर असेल तर ज्वलन बरेचसे पुरे होते. तेल वाढले आणि हवा तितकीच राहिली, की काही तेल अर्धवट जळून काजळी बनते. फेरफार केलेल्या इंजिनात नेमके हेच होते. शक्ती वाढते ती अधिक तेलामुळे. पण ते तेल जाळावयास लागणारी हवा वाढवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. जोपर्यंत भार कमी तोपर्यंत हे गुपित राहते. चढावर, पूर्ण भारात, इंजिनाची गती खाली येऊ लागली आणि चालकाने पाय तळाला नेला, की ते धुराड्यातून बाहेर पडते. आणि तेव्हा तेथे तपासनीस नसतो.

भारातल्या चाचणीची मौज अशी की ती निसर्गानेही पुरवून ठेवली आहे. खंडाळ्याचा बोरघाट आणि कसाऱ्याचा थळघाट हे सह्याद्रीने बांधलेले डायनॅमोमीटरच होत. लासलगावहून उत्तरेस निघालेल्या गाडीला सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो, आणि तेथे गाडीचे खरे रूप मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. दिल्लीला घाट नाही. तेथे चढ म्हणावा असा उड्डाणपुलाचाच. भरलेली मालमोटार रात्री त्या पुलावर चढते तेव्हा अर्धा मिनिट जो धूर सोडते, तो दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडक्यांच्या अगदी समोर सोडते. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली निःसंदिग्धपणे मांडले आहे. तेव्हा ते अर्धे मिनिट क्षुल्लक मानता येत नाही.

साध्या तपासणीचा दुसरा दोष माणसांचा आहे. इंजिनाची कमाल गती तात्पुरती खाली उतरवून गाडी तपासणीला न्यावी, कागद मिळवावा आणि परत येताच गती पूर्ववत करावी, ही युक्ती जगभर चालते. कधी तर युक्तीचीही गरज भासत नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांचा दिल्लीतील वाहन-प्रदूषणाविषयीचा अहवाल 2025 साली तेथील विधानसभेपुढे आला. तपासलेल्या कालावधीत डिझेल वाहनांच्या 24 टक्के तपासण्यांमध्ये मोजमापाचे आकडेच नोंदलेले नव्हते, आणि 4,007 वाहने मर्यादेबाहेर असूनही उत्तीर्ण ठरवली गेली होती, असे त्यात नमूद आहे. आकडा न लिहिता दिलेले प्रमाणपत्र म्हणजे काय, याचा अर्थ सरकारी नोकरीत कधीही असलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

हाँगकाँगने या दोन्ही दोषांवर उपाय म्हणून रूळच पत्करले. तेथे अधिक धूर सोडताना आढळलेली डिझेल गाडी रुळांवर चढवतात आणि भार वाढवीत तिची गती खाली ओढतात. प्रथम सर्वाधिक शक्तीच्या गतीला, मग तिच्या 90 आणि 80 टक्क्यांवर धूर मोजतात. यात एक बारीक खुबी आहे. धुराबरोबर शक्तीही मोजली जाते, आणि ती अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरली तर गाडी नापास होते. त्यामुळे तपासणीपुरते इंजिन आवळून धूर लपवावा, तर शक्ती उघडी पडते. शक्ती दाखवावी, तर धूर उघडा पडतो.

आता त्या मालकाकडे वळावे. त्याने रुळांवर जावे काय?

आपल्या फायद्याचा हिशेब पाहावयाचा असेल, तर त्याला रुळांची गरज नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. चाळीस घोडे खरे की खोटे हे जाणण्यासाठी फेरफारापूर्वीचे आणि नंतरचे माप एकाच यंत्रावर, त्याच टायरांवर, सारख्या हवामानात घ्यावे लागेल. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा 5 अंशांवर असतो आणि जूनच्या दुपारी 45 वर. तापमानाच्या या एकाच फरकाने हवेची घनता सुमारे आठव्या हिश्शाने घटते. हिशेबात दुरुस्ती करता येते, पण ती करणारा माणूस प्रामाणिक हवा. फेरफारापूर्वीचे माप तर मालकाजवळ नाहीच. त्यापेक्षा त्याच मार्गाच्या दहा खेपांची वही काढावी, डिझेल किती भरले, माल किती होता, वेळ किती लागला हे पाहावे. नफातोटा तेथे लिहिलेला सापडेल.

शिवाय रुळांवर धोकेही आहेत. पूर्ण भारात उभ्या असलेल्या गाडीला रस्त्याचा वारा मिळत नाही. समोर मोठा पंखा लावला तरी ज्या इंजिनाचे पाणी आधीच कमी फिरते ते तापून बसू शकते. रबर चढवून पुन्हा वापरात आणलेला टायर रुळांच्या छोट्या गोलाईवर सोलून निघण्याची भीती असते. दोन मागचे आस चालवणारी गाडी घेणारी यंत्रे थोडीच आहेत. आणि एवढे करून जो कागद हाती येतो, तो त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. मोटर वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कबुलीजबाब द्यावयाचा, पण माफीची सोय नाही, अशा ठिकाणी शहाणा माणूस जात नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्यापुढचा व्यवहार तसा आहे हे ओळखणे अधिक अगत्याचे.

बरे, कागद स्वच्छ निघाला तरी उपयोग कोणता? राजधानीने आजवर गाडी पाहण्यापेक्षा तिची जन्मतारीख पाहिली आहे. एप्रिल 2015 मध्ये हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 2025 च्या जुलैत अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. ऑगस्टात न्यायालयाने केवळ वयाच्या कारणाने मालकांवर सक्ती करू नये असे सांगितले. डिसेंबरात ते संरक्षण भारत-4 आणि त्यापुढील गाड्यांपुरते राखले. मालमोटारींना दुसरीही वेस आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या मालवाहू गाड्यांना भारत-6 असल्याशिवाय शहरात मज्जाव झाला. भारत-4 च्या गाड्यांना 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे कांद्याच्या त्या मालमोटारीला स्वच्छ ठेवून काही मिळत नाही आणि घाण ठेवून काही जात नाही; तिचे भवितव्य पंचांगाने ठरवले आहे.

वयाची अट लावण्याचे कारण समजण्यासारखे आहे. जन्मतारीख पाहावयास यंत्र लागत नाही आणि तिच्यात लाच देऊन फेरफार करणे कठीण. शिवाय प्रमाणके बदलली म्हणजे गाड्यांची जातच बदलते. जुन्या पिढीची उत्तम राखलेली गाडीही नव्या पिढीच्या गाडीची बरोबरी करीत नाही. परंतु या अटीचा एक परिणाम मात्र अनिष्ट झाला. तीन वर्षांची, पण फेरफार केलेली गाडी तिच्यातून सुटते. भारत-6 च्या मालमोटारीला काजळी अडवणारी गाळणी असते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर उतारा म्हणून युरियाचे द्रावण फवारणारी व्यवस्था असते. गाळणी काढून टाकली, किंवा द्रावण संपले तरी ते आहे असे इंजिनाला भासवणारी वस्तू बसवली, तर कागदावर भारत-6 असलेली ती गाडी रस्त्यावर दोन पिढ्या मागे जाते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना रंग नसतो म्हटले तरी चालेल, आणि अपारदर्शकता मोजणाऱ्या नळीला ते दिसतच नाहीत.

येथे रुळांच्या कैवाऱ्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की गाळणी जागेवर आहे की नाही हे पाहावयास भार लागतच नाही. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या देशांनी 2022 ते 2023 च्या सुमारास सावकाश चालत्या इंजिनाच्या धुरातील कणांची संख्या मोजण्याची पद्धत स्वीकारली. गाळणी शाबूत असेल तर कण इतके कमी असतात की निकाल काही क्षणांत लागतो. जेथे सुईने भागते तेथे सुईच वापरावी.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. रुळांनाही फसवता येते. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणक आपण प्रयोगशाळेत आहोत हे ओळखून सभ्यपणे वागत आणि रस्त्यावर येताच सभ्यता सोडीत. हे 2015 साली उघड झाले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मापनयंत्रे गाडीतच ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर हाकली, आणि त्यातून धागा सापडला. भारतातही पुण्याच्या संस्थेने तपासणी केल्यानंतर कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ट्रान्सपोर्ट नगरातील मिस्त्रीचा लॅपटॉप आज तेवढा चतुर नसेल. तो तसाच राहील, अशी खात्री मात्र कोणी देऊ नये.

एवढे सगळे लक्षात घेऊनही, ज्या गाडीत फेरफार झाला आहे ती भारात तपासलीच पाहिजे. याचे कारण निर्मात्याच्या प्रमाणपत्राशी जोडलेले आहे. नवी गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यासाठी एक कसोटी झालेली असते, आणि समाज त्या कसोटीवर विसंबून तिला आपल्या खिडक्यांसमोरून जाऊ देतो. फेरफाराने ती कसोटी रद्द होते. मग तिच्या धुराविषयी कोणालाच काही ठाऊक नसते: मालकाला नाही, मिस्त्रीला नाही, सरकारला तर नाहीच. मालकाच्या वहीत डिझेल लिहिलेले असते, धूर लिहिलेला नसतो. त्याचा नफा वहीतून कळतो. पुलावरच्या बिऱ्हाडकरूच्या फुफ्फुसात काय गेले हे मात्र भारात मोजल्यावाचून कळत नाही. दिल्लीने हे तत्त्व एकदा मान्यही केले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 1998 च्या आदेशाने राजधानीच्या बसगाड्या डिझेलवरून नैसर्गिक वायूवर आणावयाच्या ठरल्या, तेव्हा जुनी इंजिने बदलून घेणाऱ्यांना मिस्त्रीचा शब्द पुरेसा नव्हता. बदललेल्या इंजिनाला अधिकृत संस्थेची मान्यता लागत असे. वायूसाठी जो नियम रास्त होता तो डिझेलसाठी गैर कसा ठरावा?

मात्र सरकारला ही चाचणी हवी असेल, तर तिचा खर्च आणि भीती दोन्ही मालकाच्या डोक्यावर ठेवून ती मिळणार नाही. ठरावीक मुदतीत जो आपण होऊन येईल, इंजिन मूळ मापावर आणील आणि भारात उत्तीर्ण होईल, त्याला मागील बदलाबद्दल दंड नसावा. उलट ते प्रमाणपत्र वेशीवर मोजले जावे. योग्यता तपासणीच्या स्वयंचलित केंद्रांत ब्रेक पाहण्यासाठी रूळ आधीच बसवले जात आहेत. त्यांच्या शेजारी भाराचे रूळ बसवणे महाग आहे, अशक्य नाही; आणि ते सर्व गाड्यांसाठी लागणारही नाहीत. शील तुटलेले, पेटीतील मूळ आज्ञावली बदललेली, किंवा रस्त्यावर काळा धूर सोडताना टिपलेली गाडी, एवढ्यांनाच तेथे पाठवले तरी पुष्कळ झाले.

तोवर कांद्याच्या मालकाने काय करावे, तर प्रथम मूळ आज्ञावली परत घालून घ्यावी, हवेची गाळणी आणि नोझले साफ करावीत, रेडिएटर उघडून पाहावा, आणि मगच गाडी रुळांवर न्यावी. न्यावयाचीच तर ती मेच्या दुपारी न्यावी. जानेवारीच्या दाट, गार हवेत धूर कमी दिसतो, आणि उन्हाळी कांदा बाजारात येतो तो उन्हाळ्यात.